बाटल्यांची अढी

आज सकाळी एसी बंद केला.

शारजातल्या या अकराव्या मजल्यावर वर्षातून एकदाच असा दिवस उजाडतो. तुम्हाला तिकडे कॅनडात ऋतू झाडांवरून कळतो, आम्हाला इथे कानांवरून. महिनोन्‌महिने कानात बसलेली ती घरघर थांबते आणि घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटतं. खालच्या रस्त्यावरचं कोणाचं तरी घाई करणारं "यल्ला, यल्ला" ऐकू येतं. मग मी खिडकी उघडते. खाडीच्या बाजूने वारा येतो, त्याला अजून थोडा दमटपणा असतो, पण धार बोथट झालेली असते. तुमचा मामा झोपेतून उठून विचारतो, "आई, एसी बिघडला का?" दर वर्षी हेच विचारतो. मी म्हणते, "बिघडला नाही, हिवाळा आला."

लीझा, तुझा निरोप मी याच खिडकीशी बसून ऐकला. दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा मला फक्त तुझा चढलेला आवाज ऐकू आला. "आजी, हेल्प! हाफ द बॉटल्स आर टोटली फ्लॅट, अँड द अदर हाफ आर लाइक फाउंटन्स! सेम बॅच! मार्क डिड द कॅप्स, सो..."

तुझं ते "सो" ऐकलं आणि मी पुन्हा दुबईच्या डेरा भागातल्या त्या घराच्या अंगणात जाऊन बसले. तुम्ही दोघा भावंडांनी बेसमेंटमध्ये बिअर करायला घेतली आहे हे तुमच्या आईने, रोझीने, मला आधीच सांगितलं होतं, जरा तक्रारीच्या सुरात. तिच्या बाप्तिस्म्याला कोणती बिअर होती, ती कुठे पिकली आणि तिच्यापायी काय काय झालं, हे तिला कधी नीट सांगितलंच नाही असं लक्षात आलं. तेव्हा हे तिलाही वाचून दाखवा. मराठी वाचताना तुम्ही अडाल तिथे ती मदत करील.

साठीच्या दशकातली ती दुबई तुम्हाला फोटोतही सापडायची नाही. खाडीच्या दोन्ही काठांवर बुटकी घरं, त्यांवर वारा पकडायचे चौकोनी मनोरे, आणि काठाला लागलेली लाकडी गलबतं. प्यायचं पाणी दारावर डब्यांतून यायचं. वीज आली होती, पण तिच्या मनात असेल तेव्हा. मी वसईहून बी.ए. होऊन, लग्न होऊन, बोटीतून उलट्या करत तिथे पोचले होते. तुमचे आजोबा पास्कू आणि त्यांचे थोरले भाऊ इनास दोघेही एका वर्कशॉपमध्ये कामाला. इनासभाऊजींची बायको-मुलं गावी होती, म्हणून ते आमच्याचकडे राहायचे. समुद्रातल्या दगडांनी बांधलेल्या एका जुन्या घराचा अर्धा भाग आमचा होता: दोन खोल्या, एक अंगण, अंगणाच्या एका कोपऱ्यात पाण्याचा रांजण. उरलेल्या अर्ध्या भागात रत्नागिरीकडच्या हमीदाभाभी राहायच्या. गावाकडून गलबताने नवीन आलेली, नोकरीच्या शोधातली मुलं त्यांच्याकडे जेवायची. पहाटेपासून त्यांची चूल पेटलेली असायची. आमच्या आणि त्यांच्या अंगणात एकच भिंत.

भिंत म्हणजे काय, अर्धा संसार त्या भिंतीवरून चालायचा. वाटी इकडून जायची, तीच वाटी काहीतरी घेऊन परत यायची. "मोनाबाय, कोथिंबीर आहे का गं?" "भाभी, मुलीचं पोट दुखतंय, ओवा देता?" मुलगी म्हणजे तुमची आई. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी उन्हाळा सरता सरता ती जन्मली आणि घरातली सगळी घड्याळं तिच्या तालावर चालू लागली.

बिअर करायला दोघे भाऊ एका गोऱ्या फोरमनकडून शिकले होते. तो मायदेशी परत जाताना बूच दाबायचं लोखंडी यंत्र आणि रिकाम्या बाटल्यांचे खोके ठेवून गेला. माल्टचा घट्ट काळा पाक डब्यातून मिळायचा, खरं तर अशक्त मुलांना चमच्याने द्यायला. त्यात साखर, कडूपणासाठी हॉप्सची वाळलेली फुलं, आणि पावाचं यीस्ट. हे सगळं आम्ही उघडपणे बोलायचो नाही. सगळा गाव रोजे ठेवणारा, आपण परक्या मुलखात, तेव्हा आपलं आपल्या चार भिंतींत. हमीदाभाभींना सगळं ठाऊक होतं आणि काहीच ठाऊक नव्हतं. त्या बाटल्यांना "तुमचं औषध" म्हणायच्या. एकदा त्यांनी तांदळाची वाफवलेली सांदणं फुगवायला माझ्याकडून यीस्ट नेलं, तेव्हा इनासभाऊजींनी भिंतीपलीकडे टोला मारला, "भाभी, आमच्या औषधातलं आणि तुमच्या सांदणातलं यीस्ट एकाच डब्यातलं बरं का!"

भाभी म्हणाल्या, "एका डब्यातून निघाले म्हणून काय ते भाऊ झाले? तुमचं आपल्या वाटेनं गेलं, माझं आपल्या वाटेनं."

सांदणं मात्र भाऊजींनीच सगळ्यांत जास्त खाल्ली.

मला स्वतःला ती बिअर कधीच फारशी आवडली नाही, खरं सांगते. पण ती करताना दोघांना बघायला मला फार आवडायचं. साखर पास्कूकडे, बुचं भाऊजींकडे, हे ठरलेलं. पास्कू चमचा सुरीच्या पातीने सपाट करून प्रत्येक बाटलीत तेवढीच साखर घालायचे, चमच्यावर एक दाणा जास्त राहिला तरी तो पुसायचे. भाऊजी यंत्राचा दांडा छातीशी धरून असे दाबायचे, की बाटली नसून कोणीतरी सुटू पाहणारा माणूस आहे. दोघे फारसं बोलायचे नाहीत. वसईला बागेत लहानपणापासून बरोबर काम केलेल्या भावांचं असतं तसं. एकाने हात पुढे केला की दुसऱ्याने वस्तू ठेवायची.

त्या हिवाळ्यात फादर येणार होते. तेव्हा दुबईत आमचं चर्च नव्हतं. नाताळच्या आसपास बाहेरून विमानाने पाद्री यायचे, कोणाच्या तरी मोठ्या खोलीत मिस्सा व्हायची आणि वर्षभरातले राहिलेले बाप्तिस्मे व्हायचे. तुमच्या आईचा बाप्तिस्माही तेव्हाच करायचा, आणि धर्मपिता इनासभाऊजी, हे ती पोटात असल्यापासून ठरलेलं होतं. तुम्ही आता हे सगळं समारंभ म्हणून बघता. तेव्हा धर्मपिता म्हणजे आईबाप गेले तर पोरीला सांभाळणारा माणूस, आणि परमुलखात तर त्या शब्दाला आणखीच वजन. भाऊजींनी त्या दिवसासाठी पांढरा शर्ट शिवून घेतला होता. गावच्या माणसांना, गोव्याच्या आणि केरळच्या सोबत्यांना बोलवायचं होतं. बिअर आपल्या घरची असणार होती.

त्या वर्षी थंडीही नेहमीपेक्षा जास्त पडली. तुम्ही हसाल, पण वाळवंटातली थंडी हाडांत शिरते. सकाळी खाडीवर धुकं इतकं दाट असायचं, की पलीकडे नेणाऱ्या होड्या दिसायच्या आधी त्यांतल्या माणसांचं खोकणं ऐकू यायचं. पिंपातली बिअर काही दिवस फसफसली आणि मग शांत झाली. उन्हाळ्यात शिकलेला नियम एवढाच होता: शांत झाली म्हणजे झाली. त्यांनी ती बाटल्यांत भरली. आणि मग वसईला सासरे द्राक्षांची वाइन मातीत पुरून ठेवायचे तशा त्या बाटल्या अंगणातल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरल्या, हमीदाभाभींच्या भिंतीपासून थेट रांजणापर्यंत. वाळूतून नुसती बुचं वर. लांबून बघितलं तर कोणी पत्र्याचं पीक लावलंय असं वाटावं.

चव बघायच्या दिवशी मी पोरीला मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते. भाऊजींनी पहिली बाटली उघडली. काही आवाज नाही. पेल्यात ओतली तर थंड झालेला कोरा चहा. दुसरी उघडली तर तिचं बूच हातातून उडालं आणि फेसाचा फवारा थेट भाऊजींच्या अंगावर. नेमका तोच नवा पांढरा शर्ट, हौसेने घालून बघितलेला. पोरगी दचकून रडायला लागली. तिसरी मुकी. चौथी कारंजं. एकाच पिंपातली, एकाच दिवशी भरलेली बिअर.

पास्कू तुमच्या त्या "सो"सारखंच एक वाक्य बोलून गेले. आवाज चढवला नाही, त्यांचा कधी चढायचाच नाही. "दादा, तुझी काही बुचं सैल राहिली वाटतं."

"माझी बुचं?" भाऊजी फेस निथळत उभे. "आणि तुझी साखर? हे कारंजं बुचानं उडालं का?"

"मी मापानं घालतो."

"मी पण हातानंच दाबतो, फुंकर मारून नाही."

इथवर ठीक होतं. भावाभावांत असं होतं. पण भाऊजींनी शर्टाचा भिजलेला पुढा पिळला, पोरीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "ज्याला बूच धरता येत नाही, त्याच्या हातात पोर कशाला देतोस? फादरना सांग, दुसरा कोणी बघ."

आणि त्या दिवसापासून ते भिंतीपलीकडे जेवायला लागले.

घर तेच, खोली तीच, फक्त जेवण पलीकडे. सकाळी अंघोळ करून आमच्या दारातून निघायचे आणि हमीदाभाभींच्या दारातून आत जायचे. आम्ही इकडे पानावर बसलो की त्यांचा आवाज यायचा, मुद्दाम भिंतीला ऐकू जाईल असा: "वा भाभी, रस्सा असावा तर असा! घट्ट! इथे काही म्हणजे काही सैल नाही!" नवी मुलं हसायची. त्यांना वाटायचं, चाचा रश्श्यावरच बोलतायत.

पास्कू मान खाली घालून जेवायचे. एक दिवस मी म्हटलं, "जाऊन बोला की त्यांच्याशी."

"काय बोलू? चूक कोणाची ते कळल्याशिवाय माफी मागितली तर त्याला ती दया वाटेल. दादाला दया सोसत नाही."

ते तसेच होते. मला वाटतं, माणसावर प्रेम करणारे पुष्कळ असतात, पण समोरच्याला काय सोसतं आणि काय नाही याची इतकी काळजी घेणारे थोडे. तुमच्या आईने मला लहानपणी विचारलं होतं, "पप्पा रागावत का नाहीत?" रागावायचे. पण आधी शोधायचे, रागवायला जागा खरंच आहे का.

ते शोधायला बसले. कामावरून आल्यावर, उजेड असेपर्यंत. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, ही त्यांची रीत. आधी बाटल्या: ज्या मुक्या निघाल्या त्या नीट धुतलेल्या नव्हत्या का? धुतलेल्या होत्या, मीच धुतल्या होत्या. मग भरण: काहींच्या गळ्यात मोकळी जागा जास्त होती का? नव्हती. मग बुचं. त्यांनी परातीत पाणी घेऊन त्यात एक न उघडलेली बाटली उलटी धरली. बूच सैल असेल तर बुडबुडे येतील. एकही आला नाही. मी आनंदून म्हटलं, "बघा, घट्ट आहे!" त्यांनी बाटली उघडली. मुकी निघाली. ते म्हणाले, "आत गॅसच नाही मोना, तर बुडबुडे येणार कुठून? यातून काहीच ठरत नाही." भावाला निर्दोष ठरवायची घाई त्यांना माझ्याहून जास्त होती, पण खोट्या पुराव्यावर नाही.

मग त्यांनी दोन पेले माझ्यासमोर ठेवले. एक मुक्या बाटलीतला, एक कारंज्यातला, फेस बसू दिलेला. "तुझी जीभ चांगली आहे. सांग."

मुकी होती ती गोड लागली. कारंज्यातली कोरडी, कडवट, गोडाचा अंश नाही.

पास्कूंनी दोन्ही पुन्हा चाखल्या. मग म्हणाले, "म्हणजे साखर मुक्या बाटलीत आहे. मी घातली, ती तिथेच आहे. यीस्टने खाल्ली नाही. का नाही खाल्ली?"

हा प्रश्न घेऊन आम्ही झोपलो, उठलो, पोरीचे लंगोट वाळत घातले. फादर येणार असल्याचा निरोप आला होता. शेजारच्या एका गोव्याच्या बाईंनी विचारलं, "मग धर्मपिता कोण?" मी सांगितलं, "इनासभाऊजी," आणि ते सांगताना माझाच आवाज मला सैल वाटला.

उत्तर सापडलं ते एका गारठलेल्या सकाळी. हमीदाभाभींनी वाटी मागितली होती, भिंतीवरून न देता मी दारानेच गेले. पलीकडच्या अंगणात चूल धडधडत होती, वर मोठं पातेलं, आणि चुलीच्या बाजूला भिंतीला पाठ टेकून इनासभाऊजी बसले होते. हातात चहा, डोळे मिटलेले. मला बघून त्यांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

भाभी हसून म्हणाल्या, "रोज तिथंच बसतात. पाठ शेकतात म्हणे. बुजुर्ग झाले, इतक्यात!"

मी वाटी देऊन परत आले. आमच्या अंगणात पास्कू कामावर जायच्या तयारीत होते. आणि त्याच भिंतीच्या आमच्या बाजूला, वाळूतल्या बुचांच्या रांगेत, गल्लीतली पिवळी मांजर अंगाचं मुटकुळं करून झोपली होती. ती रोजच तिथे झोपायची. मी रोज तिला हाकलायचे. त्या सकाळी मी तिला हाकललं नाही. नुसती बघत राहिले: पलीकडे चुलीशी भाऊजी, अलीकडे मांजर, मध्ये भिंत.

"अहो, जरा इकडे या. भिंतीला हात लावा."

पास्कूंनी तळवा टेकला आणि तिथेच ठेवला. ती कोमट होती, पोरीच्या पाठीसारखी. मग ते वाकून वाळू चाचपत निघाले, भिंतीपासून रांजणाकडे. पावलागणिक वाळू थंड होत गेली. रांजणाच्या झिरपत्या पाण्याशी तर ती बर्फासारखी होती. ते उभे राहिले, आणि आमच्या बागेचा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

"अढी. मोना, ही तर अढी आहे!"

तुम्ही अढी बघितली नाही, म्हणून सांगते. वसईला केळी हिरवी उतरवतात आणि बंद खोलीत पेंढ्यात रचून पिकवतात. त्याला अढी घालणं म्हणतात. ऊब सगळीकडे सारखी लागली तर सगळी केळी एका दिवशी पिकतात. एका कडेला जास्त लागली तर तिथली काळी पडतात आणि दुसऱ्या कडेची हिरवीच राहतात. पास्कू आणि भाऊजी दोघेही त्या पेंढ्यात वाढलेले. पण केळ्यांची विद्या बाटल्यांना लावायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. बिअर शांत झाली म्हणजे तयार झाली, असं त्यांनी धरलं होतं. ती तयार झाली नव्हती, ती थंडीने झोपली होती. पिंपातली साखर पुरती संपायच्या आतच बाटल्या भरल्या गेल्या, वर चमच्याची साखर पडली. चुलीच्या भिंतीशी होत्या त्या जाग्या झाल्या आणि दोन्ही साखरा खाऊन फुगल्या. रांजणाकडच्या झोपूनच राहिल्या. लीझा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पण माझी आठवण इथे थांबत नाही.

पास्कूंनी बूट घातले नाहीत. अनवाणीच पलीकडे गेले. मी दारात उभी राहून ऐकत होते. अंगणात नवी मुलं जेवणाच्या डब्यांसाठी थांबलेली, भाभी पातेल्याशी, भाऊजी भिंतीला टेकून. आता आधी शोध सांगतील, मांजर, वाळू, अढी, असं मला वाटलं. आपण असतो तर तेच केलं असतं, कारण शोध लागल्याचा आनंद केवढा असतो. त्यांनी सगळ्यांसमोर आधी दुसरंच वाक्य उच्चारलं.

"दादा, बुचं घट्ट होती."

भाऊजींनी चहाचा पेला खाली ठेवला. "सगळी?"

"सगळी."

"मग?"

"तू टेकून बसलायस ती भिंत गरम आहे."

भाऊजींनी मागे वळून भिंतीकडे बघितलं. मग हळूहळू त्यांचं तोंड उघडं पडलं. "आयला," ते म्हणाले, "अढी!"

एवढ्यावर त्यांचं भांडण मिटलं. दोघे वाळूत गुडघ्यांवर बसून बाटल्या उपसायला लागले आणि एकाने हात पुढे केला की दुसरा बाटली द्यायला लागला.

एक गोष्ट मात्र उरली होती, आणि ती आठवली की आजही मला पास्कूंचा अभिमान वाटतो. मुक्या बाटल्यांना आता ऊब हवी होती. भाऊजी म्हणाले, "चुलीच्या भिंतीशी लावू. आठवड्यात तयार." सगळ्यांत सोपं होतं ते.

पास्कू म्हणाले, "नको. भाभींची चूल आहे ती. माहीत नव्हतं तोवर झालं ते झालं. आता माहीत आहे."

"त्यांना कुठं कळणार आहे?"

"आपल्याला कळतंय ना."

आणि ते पुन्हा पलीकडे जाऊन हमीदाभाभींना सरळ सांगून आले, की आमच्या बाटल्यांना तुमच्या चुलीची ऊब लागत होती, आम्हाला ठाऊक नव्हतं, आता हलवतोय. भाभींनी ढवळणं थांबवून पळी वर धरली. मला वाटलं, आता चिडणार. त्या म्हणाल्या, "मी तर कालवण शिजवत होते, भाईसाब. मी काय शिजवत होते ते अल्लाला माहीत आहे. तुम्ही सांगितलंत, खलास." आणि मग माझ्याकडे बघून, "बुजुर्गांना मात्र भिंतीशी बसू द्या. त्यांची ऊब काढू नका."

मग खरी अढी घातली. वर्कशॉपमध्ये काचसामान ज्यात भरून यायचं तो पेंढा पास्कूंनी आणला. लाकडी पेटीत पेंढा, त्यावर बाटल्या, वरून पुन्हा पेंढा, आणि मग प्रश्न आला पांघरायचं काय. घरात माझ्या आईने शिवलेल्या गोधड्या होत्या. पोरीची दुलई सोडून बाकी सगळ्या बाटल्यांना गेल्या. आम्ही तिघे त्या थंडीत स्वेटर आणि कोट घालून झोपलो. भाऊजी सकाळी उठून म्हणायचे, "बाटल्यांना झोप लागली का रे?" फुगलेल्या बाटल्यांचं बूच हळूच किलकिलं करून जास्तीचा गॅस सोडायचा आणि पुन्हा दाबायचं, हे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. आणि केळी उलटतात तशा आतल्या बाटल्या बाहेर, बाहेरच्या आत, रोज दोघे मिळून करायचे.

त्या खोलीचा वास मला अजून येतो. पेंढा, माल्ट, बाळाचं तेल, आणि भिंतीपलीकडून येणारं नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण. परमुलखातलं आमचं पहिलं घर म्हटलं की मला खाडी आठवत नाही, मनोरे आठवत नाहीत, हा वास आठवतो. आता इथे शारजात सगळं सीलबंद मिळतं, वासही. मला तक्रार नाही, पाण्याच्या डब्याची वाट बघायची आता माझी ताकद नाही. पण एसी बंद केलेल्या सकाळी खिडकीतून शेजारच्यांच्या फोडणीचा वास आत येतो, आणि भिंतीपलीकडे कोणीतरी राहतं हे पुन्हा कळतं.

फादर आले. एका गोवेकराच्या मोठ्या खोलीत मेजावर पांढरी चादर, त्यावर क्रूस आणि पाण्याचं भांडं. भाऊजींचा शर्ट मी चारदा धुतला होता, तरी छातीवर फिकट पिवळा डाग राहिला होता. तो झाकायचा म्हणून असेल किंवा दुसऱ्या कशासाठी, त्यांनी पोरीला छातीशी असं आवळून धरलं होतं, की तिचं नुसतं नाक दिसत होतं. बुचाच्या यंत्राचा दांडा धरावा तसं. फादरनी पाणी हातात घेतलं, मग थांबले, आणि मायेने म्हणाले, "इनास, जरा सैल धरा. मुलीला श्वास घेऊ द्या."

सगळे गंभीर उभे होते. पास्कूंच्या तोंडून हसू फुटलं. भाऊजींनी रागाने त्यांच्याकडे बघितलं, आणि मग तेही हसायला लागले, पोरगी हातात, खांदे हलतायत. फादरना काही कळलं नाही. त्यांनी हसणाऱ्या धर्मपित्याच्या हातातल्या पोरीच्या डोक्यावर पाणी ओतलं, आणि तिचं नाव रोझी झालं.

घरी आल्यावर हमीदाभाभींची सांदणं भिंतीवरून आली. त्यांच्यासाठी मी लिंबाचं सरबत पाठवलं. मग भाऊजींनी पेटीवरची गोधडी काढली आणि पहिली बाटली हातात घेतली. फस्स. बेताचा आवाज, बेताचा फेस. दुसरी, तशीच. तिसरी, तशीच. कोणती बाटली भिंतीकडची आणि कोणती रांजणाकडची, हे आता कोणालाही ओळखता आलं नसतं. पास्कूंनी पहिला पेला भावाला दिला.

आता दोघेही नाहीत. भाऊजींनी धर्मपित्याचं काम शेवटपर्यंत केलं. रोझीच्या लग्नात, पास्कू आजारी होते तेव्हा, तिला चर्चमध्ये त्यांनीच हात धरून नेलं. हात तेव्हाही घट्टच होता. तिला विचारा.

तेव्हा लीझा, मार्क, आधी दोन बाटल्यांची चव घ्या, एक मुकी आणि एक कारंज्यातली. मुकी गोड लागली तर साखर तिथेच आहे, घाबरू नका. मग बेसमेंटमध्ये जाऊन हाताने चाचपून बघा, ऊब कुठून येते आणि गारवा कुठून. फुगलेल्यांचा गॅस सोडा, पण तोंड दूर ठेवून आणि हाताला जाड फडकं गुंडाळून. मुक्या बाटल्या पेटीत घालून घरातली जाड पांघरुणं त्यांना द्या आणि रोज उलटा, दोघांनी मिळून.

आणि लीझा, बुचं कोणी लावली ते आता पुन्हा म्हणू नकोस. घट्ट होती.